भरकटणे आणि वळणे





कीर्तनाला उभे राहिले की आधी अभंग लावावा आणि मग त्याचे निरूपण करावे, ही आपली रीत. आज मात्र आम्ही निरूपणाला अभंग घेतलेला नाही. एक शब्द घेतला आहे, आणि तोही शास्त्रातला नव्हे, घराघरातला. तो शब्द म्हणजे 'भरकटणे'. वाऱ्याने होडी भरकटते, कळपातले मेंढरू भरकटते, बोलता बोलता वक्ता भरकटतो, आणि पोर वयात आले की आईबाप उसासा टाकून म्हणतात, "आमचा मुलगा भरकटला हो!" हा शब्द आपण दुसऱ्याविषयी फार सहज वापरतो. म्हणून त्याचा थोडा विचार करावा असे मनात आले.

पाठशाळेत गुरुजींनी आम्हाला एक सवय लावली. शब्द हाती आला की आधी त्याचा धातू विचारायचा. माणसाला कूळ विचारू नये. शब्दाला मात्र अवश्य विचारावे. शब्द त्यात अपमान मानीत नाही, उलट उघडा होतो.

वाट सुटण्याला संस्कृतात एकच धातू नाही, अनेक आहेत, आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. 'भ्रंश्' म्हणजे वरून घसरणे, खाली पडणे. त्यावरून भ्रष्ट, पदभ्रष्ट. 'च्यु' म्हणजे जागेवरून ढळणे; त्यावरून च्युत, आणि जो कधीच ढळत नाही तो अच्युत. 'भ्रम्' म्हणजे फिरणे, गरगरणे. त्यावरून भ्रमण आले, भ्रम आला, संभ्रम आला, आणि आपल्या बोलीतला भोवरा आला, भोवळ आली. पाहा, एकाने माणूस पडतो, दुसऱ्याने ढळतो, तिसऱ्याने गरगरतो. तीन्ही वेळा आपण म्हणतो, 'भरकटला'.

आता एक गंमत सांगतो. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र नावाचे थोर जैन आचार्य होऊन गेले. त्यांनी प्राकृताचे व्याकरण लिहिले. त्यात 'भ्रंश्' या धातूच्या जागी प्राकृतात कोणकोणते धातू येतात, ते त्यांनी नोंदवून ठेवले आहे. त्यांत 'चुक्क' आहे, 'भुल्ल' आहे, आणि 'फिट्ट'ही आहे. म्हणजे आपले चुकणे, भुलणे आणि फिटणे हे तिघे एकाच पंगतीत बसलेले! चुकणे आणि भुलणे तेथे असणार, हे कोणीही सांगेल. पण फिटणे? कर्ज फिटते, पांग फिटतात, डोळ्यांचे पारणे फिटते. फिटणे म्हणजे सुटणे, मोकळे होणे. पडण्याच्या शब्दांबरोबर बसलेला हा शब्द आपल्या माणसांच्या तोंडी सुटकेचा शब्द झाला. आम्हाला यात मोठा दिलासा वाटतो. चुकणाऱ्याच्या शेजारीच फिटणारा बसलेला आहे.

दुसरा शब्द 'व्यभिचार'. हा उच्चारला की श्रोते मान खाली घालतात. पण मूळ अर्थ पाहा. वि, अभि आणि चर् धातू. नेमल्या जागेवरून भलतीकडे जाणे, एवढाच त्याचा अर्थ. न्यायशास्त्रात तर हेतूसुद्धा व्यभिचारी असतो. कोणी म्हणाला, "या डोंगरावर अग्नी आहे, कारण डोंगर ही जाणता येण्याजोगी वस्तू आहे," तर नैयायिक हसतो. तो म्हणतो, "अहो, जाणता येण्याजोगा तर तलावही आहे. तेथे कुठे अग्नी आहे? तुमचा हेतू डोंगर सोडून तलावात भटकायला गेला." अशा हेतूला 'सव्यभिचार' म्हणतात. आणि गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंतांनी ज्ञानाची लक्षणे सांगताना भक्तीला विशेषण लावले आहे 'अव्यभिचारिणी'. म्हणजे जी एक ठिकाण सोडून दहा ठिकाणी हिंडत नाही, ती भक्ती. आता आपल्या मनाला विचारा. तोंडाने विठ्ठल म्हणताना ते कुठे कुठे जाऊन येते? दुकानात जाते, कोर्टात जाते, शेजाऱ्याच्या नव्या गाडीपाशी जाते. मग मुलाला भरकटला म्हणण्याआधी हे घरातले भरकटणे मोजायला नको का?

परदेशी भाषांतही असेच दिसते. लॅटिन भाषेत 'लीरा' म्हणजे नांगरताना राखायची सरळ ओळ. आपण ज्याला तास म्हणतो, त्याच्याच घरातला तो शब्द. त्यावरून वेड लागण्याला, तापात बरळण्याला 'डेलीरियम' हा शब्द झाला; म्हणजे तासाबाहेर जाणे. बैल तास सोडून चालला, तर शेतकऱ्याला बैलाची चूक दिसते. पण कासऱ्याची ओढ कोणाच्या हातात होती, हेही पाहायला लागते.

आता पंचवटीकडे वळू. माणूस भरकटतो कसा, याचा सगळ्यांत जुना पाठ आमच्या या गोदातीरीच घडला, असे आपण मानतो. मारीच राक्षस हरिण होऊन आला. राक्षसाच्या रूपात आला असता, तर कोणी त्याच्यामागे गेले असते काय? तो सोन्याचा होऊन आला. कुणाला भरकटवणारे कधी कुरूप नसते. लक्ष्मणाने तर पाहताक्षणी सांगितले होते, की हा मारीच आहे. तरी हरिण पुढे आणि राम मागे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. आपण सगळे लक्ष्मणरेषेची गोष्ट सांगतो. पण वाल्मीकींच्या रामायणात ती रेषा नाही. वाल्मीकी जे सांगतात, ते अधिक जिव्हारी लागणारे आहे. सीतामाईने लक्ष्मणाला नको ते बोलून घालवले. त्याच्या मनाविषयी संशय घेतला. रावण आला तो त्यानंतर. रेषा ओलांडली म्हणून घर उघडे पडले नाही. विश्वास तुटला म्हणून पडले. आम्ही आईबापांना हे मुद्दाम सांगतो. पोरांभोवती रेषा कितीही आखा. घरातला विश्वास गेला, की रावणाला दार आपोआप मोकळे होते.

बरे, भरकटलेला माणूस जातो कुठे? खेड्यात म्हणतात, "चकवा लागला." रात्रभर चालतो, आणि पहाटे पाहतो तो त्याच बाभळीपाशी! आमच्या लहानपणी हे भुताखेताचे काम समजत. पण जर्मनीत ट्युबिंगेन येथील संशोधकांनी याची परीक्षा केली आणि २००९ साली ती प्रसिद्ध केली. त्यांनी माणसांना घनदाट अरण्यात आणि सहारा वाळवंटात सोडले आणि सरळ चालायला सांगितले. ज्यांना सूर्य दिसत होता, ते बऱ्यापैकी सरळ चालले. आकाश झाकोळले होते, तेव्हा अरण्यातले लोक गोल फिरले, आणि आपलीच वाट ओलांडून गेले तरी त्यांना त्याचा पत्ता नव्हता. डोळे बांधलेले तर कधीकधी वीस मीटरांच्या आतच वर्तुळ करू लागले. म्हणजे भूत बाहेर नाही. प्रत्येक माणसाच्या पायात थोडा चकवा आहेच. सूर्य दिसतो तोवर तो लागत नाही, इतकेच. आमच्या पूर्वजांनी 'भ्रम्' धातूला भटकणे आणि गरगरणे असे दोन्ही अर्थ दिले, ते किती अचूक होते पाहा.

येथे एखादा चतुर श्रोता विचारील, "महाराज, गोल फिरणे हेच भरकटणे, तर मग प्रदक्षिणा काय आहे? ब्रह्मगिरीची फेरी करणारेही गोलच फिरतात." शंका चोख आहे. उत्तर असे, की चकव्यात मध्ये काही नसते. प्रदक्षिणेत मध्ये देव असतो. पाऊल तेच, वळसा तोच. मध्ये कोण आहे, यावर भ्रमण की प्रदक्षिणा हे ठरते. संसाराचेही तसेच आहे. रोज तोच घाणा, तीच चूल, तेच दुकान. मध्ये विठ्ठल ठेवला, तर ती प्रदक्षिणा. नाही ठेवला, तर चकवा.

आणि प्रदक्षिणेतच वाट चुकलेल्या एका मुलाने आपल्या संप्रदायाला वाट दिली, हे तर तुम्ही जाणताच. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई लेकरांना घेऊन त्र्यंबकेश्वरी आले होते. ब्रह्मगिरीची फेरी चालली असता वाघ आडवा आला, आणि सगळ्यांची पांगापांग झाली. थोरला निवृत्ती चुकला तो चुकलाच. रान, अंधार आणि एकटे पोर. धावत धावत तो एका गुहेत शिरला. आत गहिनीनाथ बसलेले होते. त्या लेकराच्या मस्तकावर त्यांनी हात ठेवला. आदिनाथ, मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी असा आलेला ठेवा निवृत्तिनाथांकडे आला, त्यांच्याकडून ज्ञानदेवांकडे गेला, आणि १२९० साली, म्हणजे शके १२१२ मध्ये, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली.

आता शब्दाकडे या. 'वाट' हा शब्द आला संस्कृत 'वर्त्मन्' यावरून. त्याचा धातू 'वृत्'. 'निवृत्ति' याचाही धातू 'वृत्'. नि लागला की अर्थ होतो मागे फिरणे, परतणे. त्र्यंबकातल्या कुशावर्तात 'आवर्त' आहे, तोही 'वृत्'चाच. गोदामाई ब्रह्मगिरीवर ठिकठिकाणी प्रकटे आणि निसटे. तेव्हा गौतम ऋषींनी कुशाचे कुंपण करून तिला वळवली, ते कुशावर्त, अशी कथा आहे. पाहा सज्जनहो, वाट, वाटेवर परतणे आणि निसटणाऱ्याला वळवणे, तिघांचे मूळ एकच. म्हणजे परत फिरणे ही वाटेच्या बाहेरची गोष्ट नाही. ती वाटेच्या पोटातच आहे.

पण त्या चुकलेल्या मुलाला आणि त्याच्या भावंडांना जग काय म्हणत होते? 'संन्याशाची पोरे'. विठ्ठलपंत संन्यास घेऊन, गुरूंच्या आज्ञेने पुन्हा संसारात आलेले. धर्मशास्त्रात अशाला 'आरूढपतित' म्हणतात, वर चढून खाली पडलेला. शास्त्राचा शब्द हातात होता. त्याने आळंदीच्या विद्वानांनी एका घराला वाळीत टाकले. ज्यांना मार्गभ्रष्ट ठरवले, त्यांच्याच मागून आज लाखो लोक चालतात. मग भरकटले कोण होते?

हा प्रश्न जुना म्हणून सोडून देता येत नाही. आमच्या पंचवटीतच २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिरापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसे रामाच्या दर्शनासाठी उभी होती, आणि दार बंद होते. तो लढा पाच वर्षे चालला. तरी दार उघडले नाही. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरीत विठ्ठलाच्या दारासाठी उपोषणाला बसावे लागले, तेव्हा ते मंदिर सर्वांना मोकळे झाले. देवाकडे निघालेला माणूस भरकटलेला नसतो. त्याच्या वाटेत आडवा पडणारा भरकटलेला असतो. वाट चुकणे हा एक दोष आहे. दुसऱ्याची वाट अडवणे हा त्याहून मोठा दोष आहे, आणि तो नेहमी धर्माचे नाव घेऊन येतो, म्हणून ओळखू येत नाही.

हे सर्व कशासाठी सांगितले? मागच्या चातुर्मासात प्रवचन संपल्यावर एक माउली खांबाशी उभी राहिली. मंडप रिकामा झाल्यावर जवळ आली आणि म्हणाली, "महाराज, थोरला दोन वर्षं झाली घरात नाही. दारूनं गेला. ह्यांनी सांगितलंय, त्याचं नाव घरात काढायचं नाही. मी देवापुढं घेतलं तर चालंल का?"

सज्जनहो, आईला मुलाचे नाव घ्यायला परवानगी मागावी लागते, ही कुठली वाट? आम्ही म्हटले, "माउली, गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने हेच विचारले आहे. जो या मार्गाला लागला आणि अर्ध्यात ढळला, त्याचे काय? फुटलेल्या ढगासारखा तो दोन्हीकडून नाहीसा होतो काय? भगवंतांनी त्या अर्जुनाला जवळ घेऊन सांगितले, की त्याचा नाश होत नाही. जेथे सुटले, तेथूनच पुढे त्याचा प्रवास लागतो. देवाने ज्याचे नाव टाकले नाही, ते तू का टाकावेस? खुशाल घे."

मग त्या माउलीला आम्ही आणखी एक शब्द दिला, तो तुम्हालाही देतो. 'वळणे'. मराठीत रस्त्यालाही वळण असते, अक्षरालाही वळण असते, आणि मुलाला चांगले वळण लागले असेही आपण म्हणतो. वळणे म्हणजे भरकटणे नव्हे. आमची गोदामाई पाहा. ब्रह्मगिरीपासून पश्चिम समुद्र अवघा ऐंशी किलोमीटरांवर आहे. पण ती पूर्वेला निघाली आणि १४६५ किलोमीटर वळणे घेत घेत पूर्वसमुद्राला मिळाली. कोणी म्हणेल, ही भरकटली. पण तिने जेवढी वळणे घेतली, तेवढी शिवारे भिजली. म्हणून पोराने आपल्या मनासारखा धंदा केला नाही, आपण ठरवले तिथे लग्न केले नाही, एवढ्यावरून त्याला भरकटला म्हणू नका. वळण आणि भरकटणे यांतला भेद काही काळ गेल्यावाचून कळत नाही.

आणि 'वळणे' याचा तिसरा अर्थ सगळ्यांत गोड आहे. गुरे वळणे! गुराखी गुरे वळतो, म्हणजे राखतो. काल्याच्या कीर्तनात आपण सांगतो ना, गोपाळ खेळात दंग, गाई लांब गेल्या. आणि गाई वळायला कोण जातो? तर प्रत्यक्ष वैकुंठनायक! आता गुरे कशी वळतात, हे रानात जाऊन पाहा. गाय पिकात शिरली, तर जाणता गुराखी तिच्यामागे दगड घेऊन धावत नाही. मागे धावले, की ती अधिकच आत पळते. तो वळसा घालून तिच्या पुढे जातो, हाक देतो, नाव घेतो. नाव ओळखीचे असते, म्हणून ती वळते. ज्या घरात नावच काढायचे नाही, तेथे पोर कशाच्या आवाजावर वळणार?

म्हणून दार उघडे ठेवा. दार उघडे ठेवा म्हणजे दारूला पैसे द्या, असे आम्ही म्हणत नाही. गाईला पिकात चरू देणे म्हणजे वळणे नव्हे. दारू हा आजारही आहे. त्याला वैद्याचे औषध पाहिजे, आणि ते घ्यायला नेणारे कोणी सोबत पाहिजे. मुलांच्या हातातला मोबाईल पाहा. रस्ता चुकला, तर त्यातला नकाशा रागावत नाही, मागचे उकरून काढत नाही. आता जेथे आहात, तेथून पुढची वाट दाखवतो. यंत्राला जे साधले, ते बापाला साधू नये काय?

त्र्यंबकेश्वराहून ज्येष्ठात निवृत्तिनाथांची पालखी निघते, नाशिकला येते, सिन्नरवरून पुढे पंढरीकडे जाते. दिंडीत कोणी एकटा वाट शोधत नाही. पुढे पताका, मध्ये टाळकरी आणि मृदंग, मागे विणेकरी आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या माउल्या. मागे पडलेल्याला टाळांचा आवाज येतो, त्या आवाजाने तो येऊन मिळतो. सूर्य झाकोळला तरी पताका दिसते, पताका दिसेनाशी झाली तरी टाळ ऐकू येतो. पायातला चकवा घालवण्याचे याहून सोपे साधन आम्हाला माहीत नाही. यंदा वारीला निघताना आपल्या गावातल्या एका तरी माणसाला, ज्याला गावाने भरकटलेला म्हणून सोडले आहे, हाताला धरून दिंडीत घ्या. त्याला उपदेश करू नका. टाळ द्या आणि शेजारी चालू द्या.

आणि आपण ज्या पुंडलिकाच्या नावाने जयघोष करतो, तो कोण होता? आईबापांना टाकून निघालेला, भरकटलेलाच मुलगा होता तो. कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले, तो वळला, आणि पुढे असा वळला की देव दारात आला तरी त्याने आईबापांच्या पायांवरचा हात काढला नाही. पंढरीच्या वाटेवरचा पहिला वाटाड्याच मुळी एकदा वाट चुकलेला आहे. मग त्या वाटेवर चुकलेल्याला कोण मज्जाव करणार?

मराठीत 'वाट पाहणे' असा एक प्रयोग आहे. आपण माणसाची वाट पाहतो, म्हणजे खरोखर त्याच्या येण्याच्या रस्त्याकडे पाहत बसतो. चुकलेल्याची वाट कोणी तरी पाहत असते, म्हणूनच त्याला परतीची वाट उरते. विठ्ठल विटेवर उभा आहे, बसलेला नाही. कारण तो वाट पाहतो आहे. त्याच्याकडून एवढे तरी शिकावे, आणि आज सांजवेळी दिवा लावताना आपल्या घरातले जे नाव काढायचे बंद झाले असेल, ते देवापुढे मोठ्याने घ्यावे.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल ॥